प्रतिपालकत्व : मूल आपल्या घरी, पण आपल्या नावावर नाही

पारिजात (नौपाडा, ठाणे)

आमच्या घरी गेली दोन वर्षे आणि चार महिने एक मुलगी राहते आहे. ती आली तेव्हा आठ वर्षांची होती, आता तिला दहा पूर्ण झाली. आम्ही तिला दत्तक घेतलेले नाही. तिची आई हयात आहे, आईचा तिच्यावर जीव आहे, आणि ती कधी ना कधी आईकडे परत जाणार हे आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. बालकल्याण समितीच्या, म्हणजे अडचणीतील मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या सरकारी समितीच्या, आदेशाने ती आमच्याकडे सांभाळासाठी आहे. बोलताना सगळे याला फॉस्टर केअर म्हणतात, सरकारी कागदांत प्रतिपालकत्व असा शब्द असतो. मुलीचे नाव, शाळा, छायाचित्र यांपैकी काहीही मी येथे देणार नाही आणि कोणी विचारू नये अशी विनंती आहे. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 नुसार अशा मुलांची ओळख उघड करण्यास मनाई आहे, आणि ते योग्यच आहे.

हा धागा काढण्याचे कारण असे की, आमच्या सोसायटीत आणि नातेवाइकांत मला सतत दोनच प्रश्न विचारले जातात: "मग दत्तकच का नाही घेत?" आणि "सरकार किती देतं?" दुसऱ्याचे उत्तर सोपे आहे. मिशन वात्सल्य योजनेत प्रतिपालकत्वासाठी एका मुलामागे महिन्याला 4000 रुपयांची तरतूद आहे. ठाण्यात शाळा, दवाखाना आणि खाऊपिऊ धरून एका मुलाचा खर्च किती होतो हे येथील पालकांना मी सांगायला नको. पैशासाठी हे कोणी करत असेल असे मला वाटत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही.

तिच्या आईला औषधांना दाद न देणारा क्षयरोग झाला होता. वडील घर सोडून गेलेले. ठाण्याजवळच्या दिवा येथे मावशीच्या एका खोलीत आधीच सहा माणसे, त्यात दोन तान्ही. त्यामुळे मुलगी काही महिने बालगृहात होती आणि तेथून आमच्याकडे आली. पहिल्या दिवशी मी जेवायला हाक मारली, तर ती दोन्ही हातांनी ताट धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. बस म्हटले तरी बसेना. माझ्या लक्षात आले की ती रांगेत उभी आहे. रांगेत दुसरे कोणीच नव्हते, पण तिच्या लेखी ताट हातात घेऊन उभे राहिल्याशिवाय अन्न मिळत नसे. जेवण झाल्यावर तिने स्वतःचे ताट घासले आणि मग न विचारता आमची तिघांचीही ताटे उचलायला लागली. माझ्या सासूबाईंनी तिचा हात धरून तिला शेजारी बसवले आणि म्हणाल्या, "आधी माझं होऊ दे, मी फार सावकाश जेवते." त्या दिवसापासून आजतागायत ती आजीचे जेवण होईपर्यंत पाटावरून उठत नाही.

अवघड काय आहे ते आता लिहिते. ती मला मावशी म्हणू लागली होती. एक दिवस शेजारच्या काकू घरी आल्या, तिचे टापटीप कपडे आणि भरलेले गाल पाहून त्यांना मनापासून बरे वाटले, आणि त्या कौतुकाने बोलून गेल्या, "म्हणतात ना, माय मरो आणि मावशी जगो!" आपण सगळेच ही म्हण किती सहज वापरतो. रात्री दिवा मालवल्यावर तिने विचारले, "आई मरणार आहे का?" पुढचे तीन आठवडे तिने मला कोणत्याही नावाने हाक मारली नाही. काही हवे असले की समोर येऊन उभी राहायची.

सुरुवातीचे काही महिने आईची भेट फक्त फोनवर होत असे. आजाराचा संसर्ग होण्याचा धोका नाही असे डॉक्टरांनी लिहून दिल्यावर महिन्यातून दोन मंगळवारी समितीच्या कार्यालयात प्रत्यक्ष भेट सुरू झाली. मी तिची एक वेणी घालत असे. पहिल्या भेटीच्या सकाळी ती आरशासमोर बसली, मी घातलेली वेणी तिने सोडली आणि स्वतःच्या हातांनी वाकड्यातिकड्या दोन वेण्या घालून वर दुमडल्या, कारण आई तशा घालत असे. मला वाईट वाटले हे मी लपवणार नाही. दुसऱ्या भेटीत मी तिच्या आईला म्हटले, "तुम्ही घालता तशी मला दाखवाल का?" तिने पिशवीतून कंगवा काढला. मुलगी खाली, आम्ही दोघी बाकावर, आणि भांग कुठून पाडायचा, रिबीन कोणत्या पेडात आधी गुंफायची, हे तिने मला संथपणे शिकवले. तिच्या हातांवर इंजेक्शनांचे काळे डाग होते. निघताना ती मुलीला म्हणाली, "मावशीच म्हण गं. मला बहीण नको का ठाण्यात?"

दत्तक का नाही, याचे उत्तर मला त्या बाकावर मिळाले. या मुलीला आई आहे. तिला कमी पडत होते ते एक घर, आणि तेही आई बरी होईपर्यंतच.

खाडीकाठ (कळवा)

पारिजातताई, आपला अनुभव वाचून मन भरून आले, पण एक शंका मनापासून विचारतो, राग मानू नये. लहान मुलाला एका घराची सवय लावायची, माया लावायची आणि मग दोन-तीन वर्षांनी तेथून उचलून परत पाठवायचे, यात त्या मुलावर अन्याय होत नाही का? आमच्या घरी पूर्वी गावाकडची भाचरे शिकायला असत, परंतु ती आपल्या रक्ताची होती आणि सुट्टीत ये-जा असे. येथे तर एका कागदावर सगळे ठरते. बालगृहात निदान मुलांना एकमेकांची सोबत आणि एकच जागा मिळते. मी आता निवृत्त आहे, पत्नीचीही इच्छा आहे, म्हणून हे केवळ वादासाठी विचारत नाही.

दुर्वा (ठाणे)

मी या क्षेत्रात सामाजिक कार्यकर्ती म्हणून काम करते, त्यामुळे काकांच्या शंकेला थोडे सविस्तर उत्तर देते.

बाल न्याय कायद्याच्या कलम 44 मध्ये प्रतिपालकत्वाची व्यवस्था आहे आणि आपण जिला अन्याय म्हणता, त्याच गोष्टीचा विचार करून ती आखलेली आहे. मूल दुसऱ्या घरी ठेवण्याचा निर्णय बालकल्याण समिती घेते. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत किमान एक महिला असावी लागते. कुटुंब निवडताना त्याची क्षमता, हेतू आणि मुले सांभाळण्याचा पूर्वानुभव पाहिला जातो. भावंडे असतील तर शक्यतो एकत्रच ठेवावीत, असे कायदाच सांगतो. समितीने दरमहा पाहणी करायची असते. जन्मदात्या पालकांना ठराविक अंतराने भेटता येते, ती भेट मुलाच्या हिताची नाही असे समितीला वाटले तरच थांबवली जाते. आणि पालक सांभाळण्यास समर्थ झाले की मूल त्यांच्याकडे परत जाऊ शकते. म्हणजे परत जाणे हे मुळात अपेक्षितच आहे. ते दोन्ही घरांनी मुलापासून लपवले, तर त्यातून अन्याय होतो. पारिजातताईंनी वेणी शिकून घेतली, हे मी माझ्या प्रशिक्षणात आता सांगणार आहे.

बालगृहाबद्दल आदर ठेवूनच लिहिते. तेथील कर्मचारी थोडे आणि मुले पुष्कळ असतात. अमुक मुलाला भेंडी आवडत नाही, तमुक मुलीला अंधाराची भीती वाटते, हे लक्षात ठेवायला एका मुलासाठी एक माणूस लागतो. संस्था हा शेवटचा पर्याय असावा, हे तत्त्व कायद्यात स्पष्ट लिहिलेले आहे.

प्रक्रियेबद्दलही लिहिते, कारण त्यावरूनच गैरसमज फार होतात. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे करायचा असतो. गृहभेटी होतात, घरातील प्रत्येकाशी बोलणे होते, पोलिसांकडून पडताळणी होते, वैद्यकीय दाखले आणि उत्पन्नाचे कागद लागतात. केंद्र सरकारच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचना 2024 मध्ये सुधारण्यात आल्या. आता 35 ते 60 वयाची एकटी व्यक्तीही प्रतिपालक होऊ शकते. एकट्या पुरुषाकडे मात्र फक्त मुलगाच दिला जातो. ज्या मुलांचे घरी परतणे शक्यच नसते, त्यांच्या बाबतीत प्रतिपालक कुटुंबाला दोन वर्षांच्या सांभाळानंतर दत्तकाचा मार्ग मोकळा होऊ शकतो; पूर्वी ही मुदत पाच वर्षांची होती. दत्तक मिळवण्याची जवळची वाट म्हणून मात्र कृपया कोणी याकडे पाहू नये. तसे पाहणाऱ्या घरात आईच्या भेटीचा दिवस उजाडला की मुलाला हटकून ताप येतो, असे मी पाहिले आहे, आणि तो ताप थर्मामीटरमध्ये दिसत नाही.

आणखी एक. एखाद्या दवाखान्यातून किंवा गावाकडून परस्पर मूल सांभाळायला देते असे ओळखीच्या बाईने सांगितले, तर ते स्वीकारू नका. मूल अडचणीत दिसल्यास 1098 या क्रमांकावर कळवावे.

ऐरोलीकर (ऐरोली, नवी मुंबई)

आमच्याकडे वर्षभर एक नऊ वर्षांचा मुलगा होता, म्हणून वडिलांच्या बाजूने लिहितो. आमचा स्वतःचा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. आम्ही दोघांनी सगळी तयारी केली, कपाटाचा एक खण रिकामा केला, अभ्यासाचे टेबल घेतले, पण आमच्या मुलाची तयारी आम्ही गृहीत धरली. घरात भाऊ येणार म्हटल्यावर त्याला आनंदच होणार, असे आम्हाला वाटले होते.

दोन महिन्यांनी तो मला म्हणाला, "तो चुकला की तुम्ही समजावता, मी चुकलो की ओरडता." मी आठवून पाहिले, तर त्याचे बोलणे अक्षरशः खरे होते. पाहुण्या मुलाने मोबाइल फोडला तेव्हा मी शांतपणे त्याच्या पाठीवर हात ठेवला होता, आणि आमच्या मुलाच्या हातून पाण्याची बाटली सांडली तेव्हा आवाज चढवला होता. यातून दोघांचेही नुकसान होत होते, कारण आपल्याला कोणी रागावत नाही, म्हणजे आपण येथले नाही, हे त्या मुलालाही कळत होते. पुढे मी त्याला गृहपाठावरून पहिल्यांदा रागावलो, तेव्हा तो रडला नाही. उलट रात्री जेवताना तो पहिल्यांदाच माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला.

तो आता त्याच्या आजोबांकडे आहे. तो गेल्यानंतर माझ्या पत्नीने दोन महिने तो खण तसाच रिकामा ठेवला. त्या काळात आमच्याशी कोणी बोलायला हवे होते. मुलाच्या तयारीसाठी समुपदेशक मिळतात. ज्या घरातून मूल जाते त्या घराचे काय, हे विचारणारे मला फारसे कोणी भेटले नाही. दुर्वाताई, आपण काम करता तेथे याचा विचार व्हावा, ही कळकळीची विनंती.

शाळेतल्या_बाई (नेरुळ)

मी तीस वर्षे प्राथमिक वर्गांना शिकवले, म्हणून शाळेबद्दल थोडे. शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार 6 ते 14 वर्षांच्या मुलाला केवळ वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवताही येत नाही. वयाप्रमाणे वर्गात बसवून मागे राहिलेल्या अभ्यासासाठी विशेष शिक्षण देण्याचीही तरतूद आहे. समितीच्या आदेशाची प्रत सोबत ठेवा आणि मुख्याध्यापकांना एकट्याने भेटा. वर्गाच्या दारात, इतर पालकांसमोर हा विषय काढू नका.

शिक्षकांनाही सांगायला हवे. तिसरीच्या वर्गात 'माझे कुटुंब' हा निबंध असतोच. माझ्या वर्गातील एका मुलीने तासभर कोऱ्या पानाकडे पाहून काढला आणि मी तिला आळशी समजले. नंतर कळले की ती कोणत्या घराबद्दल लिहावे या पेचात होती. पुढच्या वर्षापासून मी फळ्यावर 'माझ्या जवळची माणसे' असा विषय लिहू लागले.

असते_मी (ठाणे पूर्व)

मी येथे सहसा लिहीत नाही. मी स्वतः काकांकडे वाढले. आईवडील दोघेही गेल्यावर काकांनी आणले, आणि बालसंगोपन योजनेचे पैसे तेव्हा महिन्याला 425 रुपये येत. आता ती रक्कम 2250 झाली आहे असे ऐकते आणि बरे वाटते, कारण त्या 425 रुपयांचा उल्लेख मी घरात पुष्कळदा ऐकला होता.

मला कोणी उपाशी ठेवले नाही, मारले नाही. काकूंनी माझे सगळे केले. फक्त कोणी पाहुणे आले की त्या ओळख करून देत, "ही आमची सायली, आणि ही आमच्याकडे असते." नावे बदलून लिहिली आहेत, पण क्रियापद खरे आहे. सायली होती, आणि मी असायचे. आज माझे वय चौतीस आहे, तरीही कोणाच्या घरी मुक्कामाला गेले की सकाळी सर्वांच्या आधी उठून अंथरुणाची घडी घालते.

ज्यांना हे काम करायचे आहे, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, मुलासमोर त्याची ओळख करून देताना काय म्हणायचे ते आधी घरात ठरवून घ्या. खोटे सांगू नका, ही आमचीच मुलगी आहे असेही म्हणू नका, कारण मुलाला खरे माहीत असते. मला वाटते की तिचे नुसते नाव सांगावे. "ही अमुक." त्यापुढे काही सांगायची गरज नसते. आणि तुझ्यासाठी आम्ही किती केले, हे वाक्य कितीही राग आला तरी तोंडातून काढू नका. ते एकदाच म्हटले तरी मूल ते जन्मभर ऐकत राहते.

पारिजात (नौपाडा, ठाणे)

असते_मी, आपला प्रतिसाद मी काल रात्री तीन वेळा वाचला. आम्ही ओळख करून देताना "ही आमच्याकडे राहते" असे म्हणत होतो, आणि त्यात काही वावगे आहे असे मला कधी जाणवले नव्हते. आज सकाळी दूधवाल्या दादांनी विचारले तेव्हा मी तिचे नुसते नाव सांगितले. आपण लिहिलेत याबद्दल मनापासून आभार.

खाडीकाठ काका, आपल्या शंकेचे माझ्यापुरते उत्तर असे. आईचे औषध पूर्ण झाले आहे, ती दोन घरी पोळ्यांचे काम करू लागली आहे, आणि बहिणीच्या चाळीतच तिने वेगळी खोली भाड्याने घेतली आहे. समितीकडून गृहभेट होऊन गेली. वार्षिक परीक्षा संपल्यावर मुलगी परत जाईल असे दिसते. आम्ही तिला हे सांगितले तेव्हा तिला आनंद झाला, आणि त्याच रात्री तिने दोन वर्षांत प्रथमच अंथरूण ओले केले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मुलाला दोन घरे लागतात तेव्हा त्याच्या मनाची ओढाताण होतेच. ती टाळता येते असा माझा दावा नाही. परंतु ही ओढाताण होऊ नये म्हणून तिला कोणाचीच सवय लावायची नाही, कोणाच्याच शेजारी बसून जेवायचे नाही, हा उपाय मला अधिक क्रूर वाटतो.

तयारी म्हणून आम्ही गेल्या महिन्यापासून शनिवार-रविवार तिला आईकडे पाठवतो, अर्थात समितीच्या परवानगीने. पहिल्या रविवारी मी तिला आणायला दिव्याला गेले, तर ती खोलीच्या दारात बसून आईला इंग्रजीच्या पुस्तकातून वाचून दाखवत होती आणि आई पोळपाटावरून मान वर न करता "पुढं?" म्हणत होती. मी दहा मिनिटे जिन्यातच थांबले.

मला मिळाले काय, असे विचाराल तर मी हेच सांगेन. मूल मला मिळाले नाही, मिळणार नव्हतेच. पण एका बाईला आजारपणाची दोन वर्षे, आपली मुलगी नीट जेवते आहे की नाही या काळजीने जागून काढावी लागली नाहीत. सासूबाईंना या वयात जेवायला सोबत मिळाली. आणि माझ्या नवऱ्याने, ज्याला घरात कोणी गायलेले खपत नसे, तलावपाळीला फेरी मारताना तिच्यासोबत पाढे म्हटले.

नवा_सदस्य (खारघर)

सर्व प्रतिसाद वाचले. मी 41 वर्षांची, अविवाहित आणि नोकरी करणारी आहे. मला अर्ज करायचा आहे. ठाण्याच्या कक्षात गेले, तर माझा पत्ता पाहून त्यांनी तो अर्ज येथे चालणार नाही असे सांगितले. मग कुठे जावे?

दुर्वा (ठाणे)

खारघर, कामोठे, पनवेल हा भाग बोलताना आपण नवी मुंबईत धरतो, पण जिल्हा रायगड आहे. वाशी, नेरुळ, बेलापूर, ऐरोली ठाणे जिल्ह्यात येतात. त्यामुळे आपल्याला रायगडच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी संपर्क साधावा लागेल; जिल्ह्याचे मुख्यालय अलिबागला आहे. सुधारित सूचनांनुसार ऑनलाइन अर्जाचीही सोय आहे, तरी आधी एकदा प्रत्यक्ष बोलून घ्यावे. आपण कामावर असताना मुलाजवळ कोण असेल, हा प्रश्न नक्की विचारला जाईल. त्याचे खरे उत्तर तयार ठेवा. कोणी नसेल तर पाळणाघराचे नाव सांगावे, दूरच्या नातेवाइकांचे सांगू नये.

पारिजात (नौपाडा, ठाणे)

बरेच दिवसांनी लिहिते आहे. मुलगी गेल्या महिन्यात आईकडे गेली. आदेश दुपारी हातात आला आणि संध्याकाळपर्यंत सामान बांधून झाले. दोन पिशव्या, दप्तर, आणि सासूबाईंनी शिवलेली गोधडी. ताट तिने धुऊन, पुसून मांडणीत आमच्या ताटांच्या खाली ठेवले आणि आजीला सांगितले की हे इथेच राहू द्या, गणपतीत येईन तेव्हा लागेल.

ऐरोलीकर, आपण म्हणालात ते आता कळते. मी रोज दुपारी साडेबाराला शाळेच्या रिक्षाचा हॉर्न ऐकते. दुर्वाताईंनी दोनदा फोन केला, त्याबद्दल त्यांचे आभार. आपण आणि आपल्या पत्नी एखाद्या रविवारी ठाण्याला आलात, तर आम्हाला भेटायला आवडेल.

नवा_सदस्य (खारघर)

रायगडच्या कक्षात जाऊन आले, अर्ज घेतला गेला आहे. पहिली गृहभेट पुढच्या आठवड्यात आहे. पाळणाघराचा पत्ता लिहून दिला. पारिजातताई, दोन वेण्यांत रिबीन आधी कोणत्या पेडात घालायची, ते जमल्यास येथेच लिहाल का?